बोटभर जागा

"तिथं नको, इकडं बसा हो! ती माती ओली आहे."

चेन्नईत, तिरुवान्मियूरच्या गल्लीत, अनोळखी माणसाच्या तोंडून मराठी! पत्ता चुकून त्या अंगणात शिरलेली तनया अशी दचकली, की... नेमकी ओल्या मातीवरच बसली.

"कसाला घाबरता?" चाकामागचा तो हसत म्हणाला. तंजावरी मराठी घरातला रघु. कुंभारकाम शिकवायचा.

"कसाला नाही, कशाला!" पुण्याच्या तनयानं ओढणी झटकत सुनावलं.

"सरी," म्हणजे बरं, म्हणून तो मोकळा.

तेव्हापासून शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात आठवडाभर कोड लिहायचा आणि रविवारी रघुच्या अंगणात वाडगे घडवायचे, असं तिचं सुरू झालं. मदतीसाठीच्या एका जेवणाला वाडगे लागणार होते दोनशे. आलेल्यानं आवडेल तो वाडगा निवडायचा, जमेल ते द्यायचं, त्यातच सारभात जेवायचं आणि वाडगा घरी न्यायचा. जमा होतील त्या पैशांतून किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना रोजचं जेवण.

"भट्टीत दोन भांड्यांमध्ये बोटभर जागा सोडायची," रघु दर रविवारी बजावायचा. "भाजताना वरची काचेसारखी झिलई वितळते. भांडी चिकटतात."

"माणसं चिकटतात का?" तिनं एकदा विचारलं. त्याचे कान लाल झाले.

गेल्या रविवारी तो भट्टी लावत होता, तेव्हा तिनं सांगून टाकलं, "पुण्याला बदली मिळतेय. आठ दिवसांनी, सोमवारी होकार कळवायचाय..."

तो भट्टीकडे वळला. मग हातातले वाडगे आत ठेवत म्हणाला, "सरी."

एवढंच! एवढ्या एका शब्दावर ती आठवडाभर धुमसत होती.

आज जेवणाचा दिवस. शाळेच्या पटांगणात वाडगे भराभर उचलले गेले. शेवटी टेबलावर उरले दोन — एकीकडे तिचा तिरका, दुसरीकडे रघुचा सुबक, आणि दोघांची पोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली.

"माझीच झिलई जास्त झाली असेल," तनया ओशाळली.

"झिलईचं काही नाही," साराचं पातेलं सांभाळत रघुची आई, अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "दहा वर्षं हा भट्टी लावतो. असं कधी जालं नव्हतं. विचार त्याला, डोकं कुठं होतं!"

तनयानं रघुकडे पाहिलं. तो पळीकडे बघत होता.

"तुम्ही पुण्याचं म्हणालात ना... तेव्हा हेच दोन हातात होते."

तिनं ती वाडग्यांची जोडी जवळ ओढली. आणि हा म्हणे सरी!

"हातोडीनं टकटक केलं तर एक तरी वाचेल," तो पुटपुटला.

"खबरदार!" तिनं वाडग्यांवर हात ठेवला. "वाढा हो, अन्नपूर्णाबाई. दोन्हीत."

खांद्याला खांदा लावूनच जेवावं लागलं. ती घास घ्यायला वाडगा उचलायची, की त्याचं सार सांडायचं.

"हळू की हो!"

"तुम्हीच जवळ सरका ना."

तो सरकला. बोटभरसुद्धा जागा राहिली नाही.

जेवण संपलं, तरी कुणीच उठेना.

"वाडगा घरी न्यायचा असतो," तो हळूच म्हणाला. "हा... कुणाच्या घरी?"

"उद्या ऑफिसात नकार कळवते," ती म्हणाली. "मग दोघं मिळून ठरवू."

रघुनं खाली बघत, कानांपर्यंत लाल होत, आपला तोच एक शब्द उच्चारला,

"सरी."

या वेळी तो तिला फार आवडला.