सैल झाकणं

"मी दिलेल्या पिस्तुलानं बाबांचा जीव घेतला का, एवढंच सांगा," असं म्हणून डेलाइन हॅगर्टीनं ते पिस्तूल टेबलावर ठेवलं.

लिओटा ब्रिस्को वीस वर्षं बंदुका दुरुस्त करून आता खासगी तपास करायची. तिचा जोडीदार एमस टीग निवृत्त पोस्टमन. पश्चिम टेक्सासच्या त्या गावात लोक दुधाला जाताना कमरेला पिस्तूल लावत, आणि एमसच्या कमरेला नुसता पट्टा. लिओटा त्याला त्यावरून रोज टोमणे मारी.

हकीकत सरळ होती. बापाचं जुनं रिव्हॉल्वर फार जड, म्हणून डॅलसला राहणाऱ्या डेलाइननं नाताळात त्याला हे छोटं, हलकं पिस्तूल दिलं. मार्चमध्ये ती ज्या दिवशी यायची होती, त्याच सकाळी ओसरीवर म्हणे त्याच्या हातून गोळी सुटली आणि रॉय हॅगर्टी गेला. साक्षीदार एकच, शेजारचा व्हर्जिल स्ट्राउड. पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्धं गाव त्याच्याच वर्गात शिकलेलं. त्याच्या शब्दावर शेरीफनं अपघात म्हणून प्रकरण मिटवलं.

लिओटानं पिस्तूल खोलून पाहिलं. दोष काहीच नव्हता. चेंबरमध्ये गोळी चढल्याशिवाय पिस्तूल उडत नाही, आणि ती चढवायला वरची स्लाइड मागे ओढावी लागते. ती ओढणं एमसला दुसऱ्या खेपेला जमलं.

"पिस्तूल जितकं छोटं, तितकी स्प्रिंग हट्टी," लिओटा म्हणाली. "नाताळात बाबा कसे होते गं?"

"खुशीत होते. थंडी तेवढी फार वाजायची. कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरून बसायचे."

गावातल्या बंदुकांच्या दुकानाची मालकीण नदीन म्हणाली, की जानेवारीत रॉय रिव्हॉल्वरची काडतुसं न्यायला आला होता. नवं पिस्तूल बदलून देऊ का विचारलं, तर म्हणाला, लेकीनं दिलंय, राहू दे.

रॉयच्या घरी कपाटात सगळे शर्ट टिचबटणांचे, बूट बिनदोऱ्यांचे. फळीवरच्या बरण्यांची झाकणं नुसती टेकवलेली. शेरीफकडून आलेल्या पिशवीत त्या दिवशीचा कोट होता आणि त्याच्या खिशात भरलेलं जुनं रिव्हॉल्वर.

"इकडे पुष्कळ जण दोन-दोन बाळगतात," एमस म्हणाला. "शेरीफलाही त्यात काही वाटलं नाही."

"म्हणूनच फसला तो."

व्हर्जिल रोज सकाळी रॉयकडे कॉफीला यायचा. त्यानं तीच जबानी पुन्हा दिली: रॉयनं झटक्यात स्लाइड ओढली, बोट चुकलं. आपण समोरच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी लिओटानं सगळ्यांना रॉयच्या स्वयंपाकघरात बसवलं आणि एक बरणी पुढे ठेवली.

"सैल झाकणं, टिचबटणं, बिनदोऱ्यांचे बूट. कपही तळव्यांत धरायचा, कारण बोटांनी धरवत नव्हता. डेलाइन, ती थंडी नव्हती. संधिवातानं तुझ्या बाबांची बोटं कामातून गेली होती आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ही स्लाइड त्यांच्यानं ओढलीच गेली नसती. तुझं पिस्तूल ते रिकाम्या चेंबरनं नुसतं कमरेला लावायचे. भरवशाला खिशात रिव्हॉल्वर, त्याला ओढायचं काही नसतं." ती वळली. "मग व्हर्जिल, स्लाइड कोणी ओढली?"

व्हर्जिलनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"त्यानं मला सांगितलं ओढायला. मी बोलण्याच्या नादात होतो, बोट चापावर राहिलं. तीस वर्षं पोरांना शिकवत आलो की बोट बाहेर ठेवा. मग कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"आणि मी चार महिने झोपले नाही, व्हर्जिलकाका," डेलाइन म्हणाली. मग तिचा आवाज पडला. "त्याच दिवशी का सांगितलं त्यांनी?"

व्हर्जिलनं गुडघ्यावरची टोपी उचलली.

"मी येणार होते म्हणून?"

"म्हणाला, पोर हातात घेऊन बघेल, रिकामं दिसलं तर तिला वाईट वाटेल."

एमसला वाटलं, हे शेवटचं विचारलं गेलं नसतं तर बरं झालं असतं. लिओटानं हळूच सांगितलं, की पिस्तुलात दोष नव्हता आणि तिच्यातही नाही. खरं होतं ते, पण त्यानं त्या मुलीचं मन काही हलकं झालं नाही.

"एमस, शेरीफला फोन लाव," लिओटा म्हणाली.

तो फोनकडे गेला तेव्हा डेलाइननं बरणी उचलून झाकण घट्ट फिरवलं. मग तिनं ते पुन्हा सैल केलं, होतं तसं टेकवलं आणि बरणी फळीवर ठेवून दिली.