ठोंब्याच्या यादीत नसलेलं झाड

ते रोप कुणी लावलं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून हिमालयात, किन्नौरला, शर्वरीआत्याकडे गेले होते. तिथले डोंगर उंच, पण पाऊस जेमतेम. अशा कोरड्या उतारांवर चिलगोज्याची, म्हणजे खाण्याजोग्या बिया देणाऱ्या पाइनची, झाडं वाढतात. माणसं त्याची सगळीच शंकुफळं (बिया धरणारी, लाकडी खवल्यांची फळं) उतरवून नेत, म्हणून नवी झाडं येईनाशी झाली होती.

आत्या वनस्पतिशास्त्रज्ञ. बिया पेरायला तिच्याकडे एक यंत्रमानव होता. तीन वर्षं तो आखीव ओळींत पेरत होता आणि एकही रोप जगलं नव्हतं, म्हणून मी त्याला ठोंब्या म्हणायची. येत्या उन्हाळ्यातही काही उगवलं नाही, तर प्रयोग बंद करून ठोंब्याचे भाग सुटे करणार होते.

आणि इथं खडकाळ उतारावर वीतभर चिलगोजा मजेत उभा होता.

"हे तुझं का रे?" मी विचारलं.

"माझ्या यादीत ही जागा नाही," ठोंब्या म्हणाला. "मला प्रत्येक बी आठवते."

"आठवतं सगळं, उगवत काही नाही."

"कार्टे, टोचू नकोस त्याला," आत्या म्हणाली.

"मग वाऱ्यानं आणली असेल बी."

आत्यानं माझ्या तळहातावर एक लांबट, जड बी ठेवली. "फुंकर मार." बी गडगडली आणि माझ्याच पायाशी पडली. "सावरीच्या बीला कापूस असतो. हिला काय आहे उडायला?"

तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांचा, कावळ्याच्या कुळातला एक पक्षी उतरला. गळा टम्म फुगलेला. "त्याच्या जिभेखाली पिशवी असते," आत्या कुजबुजली. पक्ष्यानं माती उकरून त्यात बिया पुरल्या, वर पाचोळा ओढला. "हिवाळ्याची बेगमी. बहुतेक जागा त्याला आठवतात. विसरतो, तिथं झाड येतं."

"विसरल्यामुळे काम होतं?" ठोंब्यानं विचारलं. त्याला ते काही पटलेलं दिसलं नाही.

मी रोपाजवळ वाकले, तर ओळखीचा वास आला. चैत्रात बाबा जोतिबाला दवणा वाहायचे, तोच.

"आत्या, इथं दवणा आहे."

"दवण्याचं भावंड म्हण. हे झुडूप..." बोलता बोलता ती थबकली.

आम्ही सगळा उतार पालथा घातला. जिथं जिथं रोप, तिथं तोच वास. आणि ठोंब्या? तो पेरण्याआधी झुडपं उपटून जमीन लख्ख करायचा.

आत्या दगडावर बसली. "ही दाई-झुडपं (तान्ह्या रोपाला सांभाळणारी झुडपं). उन्हात सावली देतात, ओल धरतात, शेळ्यांपासून लपवतात. मीच ती काढायला लावली. ठोंब्या तो नव्हे गं, मी."

त्या सुट्टीत ठोंब्यानं झुडपांखाली बिया पेरल्या. निघताना मी त्याला एक बी दिली. "ही माझी. पेर, पण जागा लिहू नकोस. विसर."

"मला विसरता येत नाही."

"मग शीक."

मे महिन्यात आत्याचा निरोप आला: झुडपांखाली हिरव्या सुया दिसताहेत. प्रयोग राहिला, ठोंब्याही राहिला. मला मात्र पुन्हा जाणं जमलं नाही. शाळा झाली, नोकरी, संसार. आत्या गेली. ठोंब्या कधी थांबला, ते कळलंही नाही. अजून दवणा हातात घेतला की तो उतार दिसतो, आणि हात लवकर धुववत नाहीत.

चिलगोजा फार सावकाश वाढतो. साठ वर्षांनी, गेल्या आठवड्यात, तिथल्या रोपवाटिकेतल्या मुलांकडून एक पुडी आली. सोबत चिठ्ठी:

"आजी, ठोंब्याच्या यादीत एकच नोंद अपुरी आहे. 'शर्वरीच्या भाचीनं दिलेली एक बी पेरली. जागा आठवत नाही.' आम्हाला यादीत नसलेलं एक मोठं झाड सापडलं. पक्ष्याचं असेल, नाहीतर तुमचं. त्याच्या बिया पाठवतो आहोत."

मी एक बी सोलून हळूहळू खाल्ली. बाकीच्या परत पाठवल्या आणि लिहिलं, "झुडपाखाली पुरा. मग जागा विसरा."