दिवेलागणीनंतरचं श्राद्ध

दूध आटायला अजून अर्धा तास आहे, तोवर ऐका. सर्वेश, तो मोबाईलचा टॉर्च बंद कर बघू. कोजागिरीचा चंद्र डोक्यावर आलाय आणि याला गच्चीत टॉर्च हवा! ऋजुता, तू मघाशी विचारलंस ना, सुधीरकाका पूजा सांगायचे ते एकदम बंद का झाले म्हणून? तेच सांगतो. सुधीरने मला स्वतः सांगितलेलं आहे, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही.

सुधीर खांबेटे, माझा जुना मित्र, म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. मानपाड्याच्या बाजूला रंगांची एक कंपनी होती, तिच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली त्याने. कंपनी बंद पडली तेव्हा हा चौपन्नचा. धड म्हातारा नाही आणि कुणी कामावर घेईल असाही नाही. इंटरव्ह्यूला बोलवायचे, पांढऱ्या केसांकडे बघायचे आणि "कळवतो" म्हणायचे. तीन वर्षं माणूस घरात बसला की त्याचं काय होतं हे तुम्हाला अजून कळायचं नाही, आणि कळूही नये. रोज सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. जायचं कुठे, तर कोथिंबीर आणायला.

यातून वाट काढली ती आप्पांनी. आप्पा म्हणजे त्याचे वडील. सत्त्याऐंशी वर्षांचे, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. एके दिवशी म्हणाले, "अरे, डोंबिवलीत गुरुजी मिळेनासे झालेत. तुझा आवाज बरा, पाठांतर बरं. शीक की पौरोहित्य."

"आप्पा, या वयात?"

"मग कुठल्या वयात? माझ्या?"

झालं. सुधीर दर शनिवार-रविवार ठाण्याला प्रभाकर गुरुजींच्या वर्गाला जायला लागला. संध्याकाळी आप्पांसमोर बसून म्हणून दाखवायचा. आप्पा डोळे मिटून ऐकायचे, खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरायचे. ठेका थांबला की समजायचं, चुकलं. सत्तावन्न वर्षांचा मुलगा आणि सत्त्याऐंशीचा बाप, दोघं शाळेत गेल्यासारखे खूश असायचे. सुमेधा, म्हणजे सुधीरची बायको, मला म्हणाली होती, "भाऊजी, तीन वर्षांनी घरात हसण्याचा आवाज आलाय."

वर्ष संपलं तेव्हा प्रभाकर गुरुजींनी त्याला बाजूला घेऊन एक गोष्ट बजावली. "खांबेटे, तुमचे वडील आहेत. भाग्यवान आहात. दुसऱ्याचं श्राद्ध सांगायला हरकत नाही. पण सांगायचं फक्त. ज्याचे वडील हयात आहेत त्याने स्वतः हातात तीळ घेऊन पितरांना पाणी सोडायचं नसतं. कधीच नाही." सुधीरने मान डोलावली. आप्पांना आपल्यामुळे काही व्हावं, ही कल्पनासुद्धा त्याला सोसणारी नव्हती.

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्या आली दोन ऑक्टोबरला. बुधवार, गांधी जयंतीची सुट्टी. त्या दिवशी गुरुजींची काय ओढाताण असते ते विचारू नका. सुधीर सकाळपासून प्रभाकर गुरुजींच्या हाताखाली दोन घरं करून आला होता. जेवला, आडवा झाला. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"खांबेटे गुरुजी का?"

आवाज म्हाताऱ्या माणसाचा. कोरडा. आणि पोरांनो, सुधीरला परक्या माणसाने फोन करून 'गुरुजी' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. तो ताडकन उठून बसला.

"ठाकुर्लीहून बोलतोय. आज श्राद्ध करायचंय. कुणी यायला तयार नाही."

"अहो, पण आता पाच वाजून गेले. दिवेलागणीनंतर श्राद्ध होत नाही."

"अमावास्या रात्री बारापर्यंत आहे ना?"

तिथी होती खरी.

"गुरुजी... एवढं करा. सगळ्यांना विचारून झालं."

आता इथे नाही म्हणायचं होतं. पण भीड ही भिकेची बहीण. त्याने प्रभाकर गुरुजींना फोन लावला, तो लागेना. सुमेधा म्हणाली, "त्यांना विचारल्याशिवाय जाऊ नका हं."

"दर वेळी विचारूनच जाऊ का? अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालोय!"

गॅलरीतून आप्पा म्हणाले, "कोणाकडे जातोयस?" सुधीरच्या लक्षात आलं की त्याने नाव विचारलंच नव्हतं. नुसता पत्ता घेतला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तो हसला आणि निघाला.

रिक्षाने ठाकुर्लीला पोचला तेव्हा सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सूर्य मावळून पंधरा मिनिटं झालेली. रेल्वे लाइनच्या बाजूची तीन मजली जुनी बिल्डिंग. तळमजल्यावर टीव्हीवर मालिका चाललेली, कुणीतरी लसणीची फोडणी दिलेली, जिन्यात पोरांच्या सायकली. अगदी तुमच्या-आमच्यासारखी. दुसऱ्या मजल्यावरचं डाव्या हाताचं दार उघडं होतं.

आत एक म्हातारे गृहस्थ. सडपातळ, धोतर नेसलेले, उघड्या अंगाने भिंतीला टेकून उभे. "या," म्हणाले. पाणी विचारलं नाही. तयारी मात्र चोख होती. दोन पाट, दर्भ, ताम्हन, पळी-पंचपात्र, वाटीत काळे तीळ. भाताचे पिंड वळून ठेवलेले. सुधीरने हात लावून पाहिलं. गारढोण, फ्रिजमधून काढल्यासारखे.

"यजमान कोण? तुम्हीच?"

"मुलगा. येतोय तो."

सुधीरने वही काढली. नवीन माणूस, ऐनवेळी नावं चुकायला नकोत म्हणून तो आधीच लिहून घ्यायचा. "कर्त्याच्या वडिलांचं नाव सांगा. मग आजोबा, मग पणजोबा."

त्यांनी तीन नावं सांगितली. ती मी इथे उच्चारणार नाही. रात्र आहे. सुधीरने लिहून घेतली आणि सहज विचारलं, "आणि आपलं नाव?"

"सांगितलं की."

"कुठलं?"

"पहिलं."

सुधीरला वाटलं, म्हाताऱ्याचा गोंधळ झालाय. वयाचं होतं असं कधी कधी. त्याने पुन्हा समजावलं, "अहो, पहिलं नाव ज्याचं श्राद्ध आहे त्याचं."

"हो," ते म्हणाले.

खालचा टीव्ही बंद झाला होता. केव्हा, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. फोडणीचा वासही नव्हता. कुठलाच वास नव्हता. लाइनवरून गाडी जात होती, खिडकीत तिचे दिवे एकामागून एक सरकताना दिसत होते... आवाज नव्हता.

सात वीस. सात पस्तीस. मुलगा आला नाही.

म्हातारे भिंतीपाशी तसेच उभे. एकदाही बसले नव्हते. मग त्यांनी पायाने रिकामा पाट पुढे सरकवला. अगदी हळू. सुधीरच्या गुडघ्यापर्यंत.

"तो नाही यायचा. तुम्ही बसा."

"मी?"

"कर्ता म्हणून."

"मला नाही करता येणार. माझे वडील आहेत."

"माहीत आहे."

सुधीर उठला. वही पिशवीत टाकली. दार उघडंच होतं, जिना समोर दिसत होता. पाच पावलं. दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात मागून आवाज आला. धमकीचा नव्हे. विचारपूस करावी तसा.

"आप्पांचं जेवण झालं असेल?"

सुधीर थांबला.

हे नाव त्याने सांगितलं नव्हतं. फोनवर नाही. इथेही नाही.

"गॅलरीत बसलेत," म्हातारे म्हणाले. "शाल नाही घेतली. सांगा त्यांना."

"त्यांना... त्यांना काही करू नका."

म्हाताऱ्यांची नजर पाटावर.

"हात जोडतो. अहो..."

नुसते कोरडे ओठ हलले. भेगा पडलेले. मग पाटाकडे बोट.

मला सांगताना सुधीर ढसाढसा रडला होता. म्हणाला, "मी पळू शकलो असतो रे. पण पळून जायचं कुठे? घरीच ना? आणि घरी आप्पा." तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी खूप विचार केलाय. मला अजून सुचलेलं नाही.

तो बसला.

जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. बोटात दर्भाचं पवित्रक घातलं. वर्षभर दुसऱ्यांना सांगायला शिकलेलं स्वतःलाच सांगू लागला, स्वतःच करू लागला. मंत्र चुकत नव्हता. एक अक्षर चुकत नव्हतं, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

ओंजळीत तीळ घेतले. पाणी घेतलं. पितरांना सोडतात तसं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून. 'माझे वडील' म्हणायचं आणि नाव घ्यायचं.

त्याने ते पहिलं नाव घेतलं.

पाणी सोडलं.

खाली ताम्हन होतं... पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्यांदा. आवाज नाही.

तिसऱ्यांदा.

त्याने वर पाहिलं. म्हाताऱ्यांचे ओठ ओले होते. हनुवटीवरून एक थेंब ओघळत होता. खाली ताम्हन कोरडं ठणठणीत.

"बाळ," ते म्हणाले. "दमलास."

त्यानंतर जिना कसा उतरला, रिक्षा कुठे मिळाली, सुधीरला आठवत नाही.

साडेआठला घरी पोचला. आधी गॅलरीत धावला. आप्पा खुर्चीत बसलेले. जिवंत. शाल न घेतलेली. सुधीर मटकन त्यांच्या पायाशी बसला आणि गुडघ्यावर डोकं ठेवलं. आप्पांनी पाय मागे घेतले.

"कोण पाहिजे आपल्याला?"

आप्पांना थट्टेची सवय. सुधीर रडता रडता हसला. "आप्पा, मी."

आप्पांनी चष्मा नीट केला. निरखून पाहिलं. मग आत बघून हाक मारली, "सुमेधा, अगं कोणीतरी आलंय बघ. बिचारे फार घाबरलेत."

दुसऱ्या दिवशी मी आणि सुधीर ठाकुर्लीला गेलो. तळमजल्यावर रखमाबाई म्हणून एक बाई होत्या. म्हणाल्या, "दुसरा माळा? तो बंदच असतो. करोनात गेलेले ते आजोबा. हॉस्पिटलातून परस्पर नेले. मुलगा बाहेरदेशी, तो काही आलाच नाही. कोण करणार त्यांचं?" वर जाऊन पाहिलं. कुलूप होतं, कुलपावर गंज होता. आम्ही परत आलो.

आप्पांना डॉक्टरकडे नेलं, ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडेही नेलं. सगळे रिपोर्ट चांगले. स्मरणशक्ती माझ्यापेक्षा तल्लख. मला ओळखतात, सुमेधाला ओळखतात, तुझ्या पणजोबांचं नाव सांगतात, ऋजुता. सुधीर तेवढा त्यांना ठाऊक नाही. "तुम्हाला मुलगा आहे ना?" विचारलं तर म्हणतात, "नाही हो. आम्हाला मूल झालंच नाही." ते फार सहज म्हणतात. सुधीर तिथेच उभा असतो. प्रभाकर गुरुजींनी शांत करून पाहिली, गाणगापूरला जाऊन आले. काही उपयोग नाही. सुधीरने सोवळं कपाटात ठेवून दिलं. आता सकाळी इस्त्रीचा शर्टही घालत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. आप्पांनी पाणी मागितलं. सुमेधा बाहेर गेलेली, म्हणून सुधीरने आणलं. माझ्यासमोर भांडं घासलं त्याने. फिल्टरचा नळ सोडला, भरलं, आणून दिलं. आप्पांनी घेतलं, आत पाहिलं आणि न पिता खाली ठेवलं. म्हणाले, "रोज हे असंच."

मी भांडं उचलून दिव्याखाली धरलं.

तळाला काळे तीळ होते. तीन.