खूण पटवून नेणे

लोधिवलीच्या कोंडवाड्यात त्या दिवशी दोन म्हशी, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा होता. म्हशी आणि गाय लोकांच्या भातात शिरल्या म्हणून धरून आणलेल्या. कुत्रा मात्र आपल्या पायानं आला. फाटक उघडं होतं, त्यातून आत शिरला आणि दोन म्हशींच्या मधे, त्यांच्याच रांगेत, गव्हाणीकडं तोंड करून बसला.

साल अडुसष्ट की एकोणसत्तर, भाताच्या लोंब्या वाकायला लागल्या होत्या. कोंडवाडा राखायला धाऊ होता. सोळा वर्षं तोच होता. पंचेचाळिशीचा, सडपातळ, फार न बोलणारा. आई गेली तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढं लग्नाचं कुणी बघितलं नाही, कारण बघायलासुद्धा घरात कुणीतरी लागतं. कोंडवाड्यालगतच्या खोलीत तो राहायचा. लोकांची चुकलेली जनावरं सांभाळायची हे त्याचं काम, पण त्याचं स्वतःचं असं काही कधी हरवलं नव्हतं. हरवायला आधी असावं लागतं.

पंचायतीतले आबाजी सकाळी येऊन बघून गेले.

"धाऊ, कुत्र्याला कोंडवाड्यात कलम नाय. हाकल त्याला."

"कुनाचा तरी हाय तो, आबाजी. पोसलेला दिसतोय."

"मंग त्याची पावती फाड म्हशीच्या नावानं," आबाजी म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसत गेले.

कुत्रा खरंच पोसलेला होता. तांबूस, छातीवर पांढरा. अंगाला गोचीड नाही, गळ्यात काथ्याची नवी दोरी. आणि त्याची एक सवय होती. धाऊ जेवायला बसला की तो समोर बसायचा आणि ताटाकडं न बघता धाऊकडं बघायचा. असं त्याच्याकडं कुणी बघून बरीच वर्षं झाली होती. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या सकाळी धाऊला जाग आली तेव्हा आपला हात कुत्र्याच्या पाठीवर आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो घाबरला. आणखी दोन दिवस गेले तर परत द्यायला जीव होणार नाही, आणि परत तर द्यायलाच हवा. सोळा वर्षांत त्याच्या हातून चुकीचं जनावर चुकीच्या माणसाकडं गेलेलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट होती त्याच्याकडं.

त्याचा नेम साधा होता. जनावर माझं म्हणत चार जण येतात. रंग सांगतात, शिंगं सांगतात. धाऊ ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "दिसत नाय अशी खूण सांग." कानाच्या आतली चीर, मांडीच्या आतला डाग, असं काही. खूण पटली की दावं हातात. नाही पटली तर मग सरपंच का असेना, मोकळ्या हातानं घरी.

दुपारची भाकरी खाऊन तो कुत्रा घेऊन निघाला. आधी नाक्यावर, मग आळीआळीनं.

"ह्यो तुमचा?"

"नाय रं बाबा. आमच्या घरात मानसांनाच पुरत नाय."

एक म्हातारा म्हणाला, "माझ्या जावयासारखा दिसतोय, पर जावय जास्ती खातो." सगळे हसले. कुत्रा कुणाकडं बघून शेपूट हलवेना. गावाच्या शेवटच्या घरानंतर मात्र त्यानं दोरी ताणली आणि सरळ नदीकडं चालायला लागला. जनावराला घर ठाऊक असतं म्हणून धाऊ मागून गेला. म्हैस असती तरी त्यानं तेच केलं असतं.

पाताळगंगा तेव्हा गुडघाभर होती. खोपोलीला पाण्यावर वीज करतात, ते वापरलेलं पाणी ह्याच नदीला सोडतात. मुंबईत दिवे लागले की इकडं पाणी चढायचं. म्हणून पलीकडं गेलेला माणूस दिवेलागणीच्या आत परत यायचा. धाऊनं सूर्य बघितला. वेळ होता. चपला हातात घेऊन तो पाण्यात उतरला.

पलीकडं नुसतं भात. वारा पडलेला. पिकत्या भाताला एक कोंदट गोड वास असतो, तो इतका दाट होता की श्वास घेतल्यावर काहीतरी खाल्ल्यासारखं वाटावं. कुठं पाखरू ओरडत नव्हतं. बांधावरून कुत्रा पुढं आणि धाऊ मागं, असे ते बराच वेळ चालले. एवढं भात कुणाचं, हा प्रश्न धाऊला पडला. सोळा वर्षांत इकडचं एकही जनावर कोंडवाड्यात आलं नव्हतं.

मग एक घर दिसलं. एकटंच. कुडाचं, वर कौलं, पडवी शेणानं सारवलेली, अजून ओली. पडवीत एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत बसली होती. सुपाचा आवाज लांबवर ऐकू यायला पाहिजे होता. तो पडवीपाशी आल्यावरच ऐकू आला.

म्हातारीनं मान वर न करता विचारलं, "आनलास का?"

"आनला, मावशे," धाऊ म्हणाला.

"तुला नाय इचारलं."

कुत्रा पडवीत चढला, तिच्या पायाशी जाऊन पडला आणि लांब श्वास सोडला. कामावरून आलेला माणूस सोडतो तसा.

धाऊला वाईट वाटलं, पण काम ते काम. "तुझाच दिसतोय," तो म्हणाला. "पर खूण सांगावी लागंल. दिसत नाय अशी."

"सांगते की." तिनं सूप खाली ठेवलं. "पोटावर बिब्ब्याचे तीन डाग. मदला जरा वाकडा."

धाऊनं कुत्र्याकडं बघितलं. कुत्रा आपणहून उताणा झाला. पोट स्वच्छ होतं, गुलाबी, एक डाग नाही.

"नाय पटत, मावशे."

"उजव्या पायाची शेवटची दोन बोटं जोडलेली."

धाऊनं कुत्र्याचा उजवा पाय धरून बघितला. मागचाही बघितला. बोटं सुटी होती. तो 'नाही' म्हणणार होता, तेवढ्यात त्याची नजर आपल्याच पायांवर गेली. नदीतून आल्यावर चपला हातातच राहिल्या होत्या. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं जन्मापासून जोडलेली होती. ती चिखलानं झाकली होती, आणि म्हातारी पायाकडं बघतही नव्हती. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि बघताना तिच्या डोळ्यांत ओळख होती.

सदऱ्याखाली, पोटावर, लहानपणी पोट फुगलं म्हणून आईनं घातलेले बिब्ब्याचे डाग एकदम गरम झाल्यासारखे वाटले. तीन. मधला जरा वाकडा.

"झोपंत डावा हात डोक्याखाली घेतो," म्हातारी सावकाश म्हणाली, "आन पहाटंला कूस बदलताना 'आये' म्हनतो…"

हे धाऊला स्वतःलाही माहीत नव्हतं. पण ऐकल्याबरोबर खरं आहे हे कळलं.

"मावशे," तो म्हणाला. "मी कुत्र्याची खूण इचारली."

"कुत्र्याची कशाला सांगू? तो कुठं हरवला व्हता? त्याला तर तुला हुडकाया धाडला व्हता."

"मानसाला… कोंडवाड्याचा नेम लागत नाय."

"आन कुत्र्याला लागत व्हता?"

बोलणं बरोबर होतं. कुडाला टेकून एक ताट मांडलं होतं, त्यात गरम भात होता, आणि चूल कुठं दिसत नव्हती. घर इतकं नीट, इतकं वाट बघत असलेलं होतं, की त्याच्या पायांनी पडवीकडं एक पाऊल टाकलंसुद्धा. कुत्र्यानं शेपूट आपटली. पहिल्यांदाच.

म्हातारीनं हात वर केला. "थांब. नेम म्हंजे नेम. दुसरा कोन मालक आसंल तुझा, तर नाव सांग. मी कुनाचं वढून घेनारी नाय."

नाव. धाऊ उभा राहून आठवत राहिला. माणसाला चार नावं पटकन आठवतात, त्याला म्हशी आठवायला लागल्या. मोरी. कापरी. कान फाटलेली. आबाजींचं नाव ओठावर आलं, पण आबाजींना तो कोंडवाडा म्हणूनच ठाऊक. अंधारत चाललं होतं. लांब कुठंतरी नदी घसा साफ करावा तशी वाजायला लागली…

"गोदूबाई," तो म्हणाला. "नाक्यावर चहा करते."

"ती म्हनंल, तू तिचा म्हनून?"

"म्हनंल."

"बघू. आट दिस," म्हातारी म्हणाली आणि सूप परत मांडीवर घेतलं.

तो नदी कमरेइतक्या पाण्यातून ओलांडून आला. अलीकडच्या काठावर आल्यावर कळलं, काथ्याची दोरी अजून आपल्या हातात आहे. कुत्र्याच्या गळ्यातला फास दोरीच्या टोकाला तसाच होता, रिकामा. गाठ सुटलेली नव्हती.

गोदूबाई विधवा, चाळिशीची. मुंबई-पुणे रस्त्यावर तिचं चहाचं झोपडं. ट्रकवाले थांबायचे, तेव्हा तिची जीभ कात्रीसारखी चालायची, कारण चालवावीच लागायची. धाऊ रोज चार वाजता यायचा, कोपऱ्यात बसायचा, एक कप प्यायचा. बारा वर्षं. त्याला आलं जास्त लागतं हे तिला न सांगता कळलं होतं. एवढंच काय ते.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक उठेपर्यंत तो थांबला.

"गोदूबाई, एक काम व्हतं. कोनी बाई येऊन इचारंल, तर सांग, धाऊ माझा हाय."

गोदूबाईच्या हातात गाळणी तशीच राहिली. "चहा चढला काय रं तुला?"

"तसं नाय. नुसतं म्हनायचं. आन खूण इचारली तर…" त्यानं चप्पल काढून उजवा पाय बाकावर ठेवला. "ही दोन बोटं. आन पोटावर तीन डाग हायेत, मदला वाकडा. ते दाखवत नाय."

ती हसायला लागली. दूध उतू गेलं तरी हसत होती. मग तिनं त्याचं तोंड बघितलं आणि थांबली.

"कुठं फसलास का रं? कोन बाई?"

"फसलो नाय. नेम हाय." त्याच्यानं पुढं बोलवेना. म्हातारी, ताट, पहाटेचं ते 'आये', हे बाईमाणसाला सांगायचं कसं?

"बरं, म्हनीन," गोदूबाई म्हणाली. "पाय खाली घे आता, ट्रक येतोय."

सात दिवस धाऊ रोज आला. रोज विचारायचा, "कोनी आलं व्हतं?" ती म्हणायची, "नाय रं, तुला मागनी घालाया अजून कोनी आलं नाय." तो हसायचासुद्धा. पाचव्या दिवशी त्यानं दुसरा कप मागितला. सहाव्या दिवशी चार वाजण्याऐवजी तीनलाच आला.

आठव्या दिवशी तो आला तेव्हा गोदूबाई त्याच्याकडं न बघता भांडी विसळत होती.

"आली व्हती," ती म्हणाली.

"म्हातारी?"

"म्हातारी कुठली? तरनी. हिरवं लुगडं, आंबाड्यात फूल. भर दुपारी आली. बाक भरलेला, चार ट्रकवाले, आबाजी बसलेले. आन मोठ्यांदा इचारते, कोंडवाड्याचा धाऊ तुझा कोन?"

धाऊ बाकाच्या कडेला बसला. वय बदललं तरी विचारणारी तीच होती, हे त्याला कळलं.

"सगळ्यांनी माना वळवल्या. आबाजींनी बशी खाली ठेवली." तिनं एकच कप तिसऱ्यांदा विसळला. "मी काय म्हननार रं, धाऊ? मला हितंच धंदा कराचा हाय. तोंडातून आपसूक गेलं. म्हटलं, माझा कोन? कोनी नाय. चहा पितो आन जातो."

"मंग?"

"मंग ती 'बरं' म्हनली. चहाबी घेतला नाय."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज घाटाकडं जाऊन विरला.

"मागनं म्हनले असते मी," गोदूबाई म्हणाली. "एकली आसती तर म्हनले असते."

"तुझं काय चुकलं नाय," धाऊ म्हणाला. "कोनीबी तेच म्हनलं असतं."

त्यानं चहा घेतला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग बारा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. कप स्वतः विसळला, पालथा घातला, आणि गेला.

रात्रभर गोदूबाईला झोप नव्हती. उजाडल्या उजाडल्या ती कोंडवाड्यावर गेली, लोक काय म्हणतील ते म्हणोत. वाटेत आबाजी भेटले, तेही मागून आले. म्हशींपुढं दोन दिवसांचा चारा टाकलेला होता, डोणी पाण्यानं काठोकाठ भरलेली. खोली उघडी. चपला दारात.

दारापासून चिखलात माग निघाला होता, सरळ नदीकडं. दोघं मागावरून काठापर्यंत गेली. पलीकडं भात होतं, आणि भाताच्या पलीकडं भात. घर कुठं दिसत नव्हतं.

गोदूबाई पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात, गिऱ्हाईकाला सांगावं तशी म्हणाली, "धाऊ माझा हाय."

पाणी खाली चाललं होतं. तिनं परत म्हटलं, थोडं मोठ्यांदा.

आबाजींचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ते चिखलात उकिडवे बसले होते. उभ्या जन्मात त्यांनी डुकराचे, तरसाचे, चोरांचे माग काढले होते. बराच वेळ ते उठेनात.

"गोदूबाई," ते शेवटी म्हणाले. "हिकडं ये. मला नीट दिसत नाय, तू बघ…"

तिनं वाकून बघितलं. दारापासून बांधापर्यंत माणसाच्या दोन पायांचेच ठसे होते. बांधापासून पुढं पावलांच्या जोडीला हातांचे पंजेही उमटले होते, पाचही बोटं फाकलेली, पार पाण्यापर्यंत. शेजारून कुत्रा गेला होता. त्याचे ठसे लहान, खोल, एकापुढं एक पडत गेलेले होते.

कुत्रा दोनच पायांवर चालत गेला होता.