आईच्या आधी ओ देणारी

ही घटना खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. मी मात्र माझ्या मेलेल्या आईची शपथ घेऊन सांगतेय.

९ सप्टेंबर २०१४, मंगळवार. मिचोआकानमधलं आमचं गाव, सांता रीता. भर दुपार.

आई अंथरुणाला खिळली होती. कागदोपत्री वय चौऱ्याऐंशी.

"मी एवढी थेरडी नाही गं, चोले," ती मला रोज म्हणायची. "माझी खरी तारीख शोध. थडग्याच्या क्रुसावर खोटी नको."

तिची तेवढी एकच इच्छा होती.

खानेसुमारीच्या नकला मी आधीच मिळवल्या होत्या. १९३०, मे महिना. आजोबांच्या घरात एक मूल... एलोदिया, वय तीन महिने.

म्हणजे कागद बरोबर होता. तरी त्या दिवशी मी चर्चमध्ये गेले. वह्या सांभाळणाऱ्या एर्लिंदाबाई, आमच्या भाषेत दोन्या एर्लिंदा, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय गं, तुमच्या खानदानात बिशप निघतोय का बघतेस?"

बाप्तिस्म्याची नोंद सापडली. एलोदिया, फेब्रुवारी १९३०.

मग दोन्या एर्लिंदांनी दफनाची वही उघडली... आणि त्यांचं हसू गेलं.

एप्रिल १९३४. एलोदिया. वय चार. गोवर.

आईबाप तेच. घर तेच.

आमच्याकडे मूल गेलं की पुढच्या मुलीला तेच नाव देतात. पण पुढची काही वर्षं वह्या कोऱ्या होत्या. तेव्हा सरकारने पाद्र्यांना गावातून हाकललं होतं. आजीने मेलेल्या लेकीचा कागदच नव्या लेकीला लावून टाकला होता.

माझ्या आईची नोंद कुठेच नव्हती. मला रडू आवरेना.

घरी आले. आईच्या उशाशी बसून नक्कल वाचू लागले.

"एलोदिया..."

"आले...!"

आवाज ओसरीतून आला. लहान मुलीचा.

मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

ओसरीत कोणी नव्हतं. दाराची कडी आतून लावलेली.

आई मात्र घाबरली नाही. "मी जन्मभर ऐकतेय," ती म्हणाली. "बाबा हाक मारायचे, की माझ्याआधी ती ओ द्यायची. मला वाटायचं, आपल्या भिंतीच तशा आहेत."

मी तिला वहीतलं सगळं सांगितलं.

"म्हणजे तिच्या नावाने कधी मेणबत्तीसुद्धा लागली नाही," आई म्हणाली. "कोण लावणार? मी जिवंत होते ना."

अकरा दिवसांनी आई गेली. क्रुसावर मी तारीख घातलीच नाही.

नोव्हेंबरात पितरांसाठी मेज मांडलं. पहिल्या दिवशी, लेकरांच्या दिवशी, त्या पोरीसाठी गोड पाव आणि आतोले, म्हणजे मक्याची गोड पेज, ठेवलं. दुसऱ्या दिवशी आईसाठी कॉफी. पाकळ्यांची वाट दारापर्यंत घातली आणि हाक मारली.

"एलोदिया! ये गं, आई..."

ओसरीत अनवाणी पावलं वाजली. छोटी. धावत आलेली.

"आले...!"

दाराआड धापा टाकल्याचा आवाज.

मी वाट पाहत राहिले. दुसरं कोणीच आलं नाही.

"तुला नाही गं बोलावलं," असं त्या लेकराला कसं सांगू? ऐंशी वर्षांत तिला कोणी एकदाही बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "ये बाळा, बस." आणि पदरात तोंड खुपसून रडले.

तेव्हापासून आईला हाक मारायची सोय उरली नाही. मारली की तीच येते.

पण काल दुपारी वेगळंच घडलं. मी भांडी घासत होते. तोंडातून शब्दही काढला नव्हता.

तरी ओसरीतून आवाज आला...

"आले...!"

पावलं धावली. या वेळी माझ्याकडे नाही. परसाकडे, दूर दूर जात विरली.

मी तिला हाक मारली नव्हती. मग कोणी मारली?

आणि ती आई असेल, तर... मला का नाही ऐकू आली?