डबडबवाडी

एमआरआय म्हणजे मेंदूचा फोटो, एवढंच डोक्यात घेऊन मी केस धुऊन, अठरा पिना लावून, काठाची साडी नेसून गेले होते. पिना काढण्यातच पंधरा मिनिटं गेली. मग आत निजवलं, आणि निम्म्यावर मी त्या नळकांड्यातनं ओरडून विचारलं, "अहो, अजून किती वेळ?"

झालं. फोटो हलला. पुन्हा पहिल्यापासून.

कोरेगावला मामांच्या अंगणात, रात्रीची जेवणं झाल्यावर हे सांगितलं, तशी भाचरं पोट धरून हसली. लालासाहेबमामा तेवढे हसले नाहीत. तंबाखू मळता मळता थांबले.

"ह्या मशीनीचं एक हाय माझ्याकडं," म्हणाले. "आमच्या वडूजच्या पाव्हण्याचं, गुंडाचं. खोटं वाटलं तर फोन लावा त्याला. पर आत्ता नको. सकाळी."

आणि सांगायला लागले.

गुंडाच्या पोरीला, पल्लवीला, झटके यायचे. फेफरं. पोर सात वर्षांची. आधी म्हैन्याला एक, मग आठवड्याला. एकदा तर चुलीपुढंच. डॉक्टर म्हणाले, मेंदूत व्रण कुठं हाय ते फोटोत दिसलं तर ऑपरेशन करता यील. न्हाई दिसलं तर कापायचं कुठं? पर पोर दोनदा मशीनीच्या खडखडाटानं दचकून उठली. दोन्ही येळंला फोटो वाया. तिसऱ्या येळंला डॉक्टरनी सांगितलं, "रात्रभर जागी ठेवून आणा. डुलकीसुद्धा नको. म्हणजे आत गाढ झोपेल."

गेल्या डिसेंबरातली बारा तारीख. थंडी लय. बायको बाळंतीण, म्हणून बापलेक दोघंच. सांगलीला सकाळी सहाचा नंबर. पोरीला गोळी दिली, थर्मासात चहा घेतला, अन् दोनला ओम्नी काढली.

"गावांच्या भेंड्या खेळू," गुंडा म्हणाला. "माझं निमसोड. तुला ड."

"डिस्कळ!"

"लेंगरे."

"रहिमतपूर! बाबा, तुमी लय सोपं देताय."

मायणी मागं पडली. गुंडा दिवसभर ज्वारीला पाणी पाजून आलेला. डोळ्यांत वाळू पडल्यागत झालं. गाडी कडंला घेतली. घड्याळात पावणेतीन.

"दोनच मिनिटं, पोरी. तू बोलत ऱ्हा."

आणि डोळा लागला.

जागा झाला तो पोरीच्या हसण्यानं. ती मागच्या सीटवर जाऊन बसलेली.

"गोंदवले!" पोर म्हणाली.

मग गप.

"गोंदवले!"

परत गप. पर नुसती गप न्हाई. मान कलती करून ऐकत हुती. ऐकायची... हसायची... अन् उत्तर द्यायची.

घड्याळात सव्वाचार.

"पल्लू... कुणासंगं खेळतीस गं?"

"आत्यासंगं."

गुंडाला बहीण एकच. भामा. तिलाबी झटके यायचे. तवा कुठलं मशीन अन् कुठला फोटो? गळ्यात दोरा बांधायचा, झालं. बारा वर्षांची हुती. हिरीवर पाण्याला गेली, अन् तिथंच झटका आला... तीस वर्षं झाली. घरात तिचं नावसुद्धा कुणी काढत न्हाई.

"आत्या लय रडी खेळती, बाबा. हरायला लागली की खोटं गाव सांगती. डबडबवाडी! अन् परत ड माझ्याच गळ्यात. आसलं गाव हाय का हो?"

गुंडानं किल्लीला हात घातला.

ते गाव भामानंच काढलेलं. म्हशीमागं हिंडताना. दोघंच असायची. तिसऱ्या कुणाला...

त्यानं मागं वळून बघितलं न्हाई. आरसा वर ढकलला. गाडी सोडली. सांगलीपतोर मागं पोरीचं अर्धं बोलणं. अर्धं... काय न्हाई.

सहाला मशीनीत आडवी केली, तशी पोर झोपली. टेक्निशियन भला माणूस. गुंडाला आपल्या शेजारी काचंमागं उभं राहू दिलं. खडखडाट सुरू झाला.

त्या खडखडाटातनंच स्पीकरवर आवाज आला. बारीक. पोरीसोरीचा.

"डबडबवाडी."

टेक्निशियन वैतागला. "अहो, जागी आहे ही! बोलतेय. गेला फोटो."

"डबडबवाडी."

गुंडानं काचंला हात टेकला.

"डबड..."

"डिस्कळ," गुंडा हळूच म्हणाला.

स्पीकर गप झाला. मग शेवटपतोर गप.

फोटो आले. टेक्निशियन बघतच राहिला. एकबी केसाएवढा हललेला न्हाई. पोर आत गाढ, लाळ गळतीया. अन् मेंदूत डाव्या बाजूला व्रण. इतका साफ, की डॉक्टरनी त्याच दिवशी ऑपरेशनची तारीख दिली.

मामांनी तंबाखू दाढेत धरली. "ऑपरेशन झालं, झटके थांबले. पोरीला आत्या आता आठवत न्हाई. डॉक्टर म्हणाले, असल्या व्रणानं माणसाला आवाज ऐकू येत्यात. गुंडानं विचारलं, 'पोरीला येत असतील साहेब. स्पीकरला कसं?' डॉक्टरनी पुढचा पेशंट आत बोलावला. गुंडा आजबी रात्रीची गाडी काढत न्हाई. अन् काढलीच, तर आरसा वर."

भाचरं एकमेकांना चिकटून बसली होती. कुणी तरी धीर द्यायला हवा, म्हणून मी घसा साफ केला.

"मामा, अहो, झोपेत बोलली असेल ती."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "तू एकदाच बोललीस," म्हणाले, "तर तुझा फोटो गेला."