बाहेरचा बाक

बसा इथे दोघं. तो दिवा राहू दे बंद, डोळ्यांवर येतो. ही गोष्ट मी घरात फारशी काढत नाही, तुमच्या मामीला आवडत नाही. तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची आहे ना, म्हणून. पण ताई सोमवारपासून विद्यापीठाच्या कचेरीत रुजू होणार, तिला माहीत असलेली बरी. मामी झोपली असेल आता. हळू बोलतो.

तर माझा साडू. विद्यापीठात उपकुलसचिव होता, सभा विभागाचा. तुला तिथली उतरंड अजून कळायची आहे. सगळ्यात वर कुलपती, ते वर्षातून एकदा पदवीदानाला येतात आणि फोटो काढून जातात. त्यांच्या खाली कुलगुरू. विद्यापीठ आपण चालवतो असं कुलगुरूंना वाटतं, आपण चालवतो असं कुलसचिवांना वाटतं, आणि दोघंही रजेवर गेले तरी ते चालतंच. खरे निर्णय होतात परिषदेत. ती भरवायची, विषय लावायचे, कोण काय बोललं ते टिपून घ्यायचं, हे माझ्या साडूचं काम.

माणूस वाईट नव्हता. कुणाला कधी नाही म्हणायचा नाही. अडचणीचा विषय आला की कुलगुरू याच्याकडे बघायचे आणि हा शांतपणे म्हणायचा, पुढल्या वेळी घेऊ. कचेरीत त्याला 'पुढल्यावेळी साहेब' म्हणायचे. त्याच्याही कानावर होतं ते. हसण्यावारी न्यायचा.

विद्यापीठ फार जुनं. सुरुवातीला तिथे शिकवतच नव्हते. लांबलांबच्या कॉलेजांच्या परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढाच कारभार. स्वतःची एक खोलीसुद्धा नव्हती. कोर्टाला सुट्टी असली की कोर्टात बैठक, न्यायाधीशाच्या खुर्चीत कुलगुरू आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सगळ्यांच्या छत्र्या. पुढे एका व्यापाऱ्याने जमीन दिली, दगडी इमारत उठली, मग प्राध्यापक नेमले, एकेक विभाग निघाला. कोर्टातल्या दिवसांचा एक नियम मात्र तसाच राहिला. ज्याच्याविरुद्ध ठराव असेल त्याने सभागृहाच्या दाराबाहेर बाकावर बसायचं. आणि काय ठरलं ते आतल्या कुणीतरी बाहेर येऊन त्याला तोंडाने सांगायचं. सांगितल्याशिवाय उठायचं नाही, ना आतल्यांनी, ना बाहेरच्याने.

त्या वेळी बाकावर बसायची पाळी होती रसायनशास्त्राच्या एका मॅडमची. आपण दिलेले मार्क निकालात बदललेले तिला दिसले. तिने तक्रार केली, आणि चौकशी लागली तिच्यावरच. निलंबन, अर्धा पगार, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आणि कॉलेजात जाणारी मुलगी. दर बैठकीला तिला बोलावणं जायचं. ती सकाळी येऊन बाकावर बसायची. तिचा विषय सगळ्यात शेवटी लावलेला असायचा, आणि शेवट आला की, पुढल्या वेळी. मग मंडळी मागच्या दाराने निघायची. चहा त्या बाजूला मांडलेला असतो, असं म्हणायचे. खरं कारण तुम्हाला कळतंय. माझा साडूही मागच्याच दाराने जायचा. संध्याकाळी कधीतरी शिपाई तिला सांगायचा, बाई, सगळे गेले.

आणि मार्क खरंच बदलले होते. साडूला ते ठाऊक होतं. परीक्षा विभागाच्या साहेबांनीच चहा पिता पिता त्याच्यापाशी कबूल केलं होतं.

गेल्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरात, दुसऱ्या गुरुवारी बैठक होती. दिवसभर चालली. मॅडमचा विषय पुन्हा पुढे ढकलला. साडू घरी आला, जेवला, पाय पसरून बसला, तेवढ्यात कुलगुरूंच्या सहायकाचा फोन. बैठकीचं रेकॉर्डर सभागृहातच राहिलंय, साहेबांना सकाळी लवकर हवंय. साडेनऊ वाजले होते. मेहुणी म्हणाली, शिपायाला सांगा. तो म्हणाला, पंधरा मिनिटांचं काम आहे, जाऊन येतो. स्कूटर काढली आणि गेला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने किल्ल्या दिल्या आणि बॅटरी दिली. वरच्या मजल्याचा मेन स्विच रात्री बंद करतात, जुन्या तारा आहेत म्हणून. साडू दगडी जिना चढून वर गेला. वरची ओसरी लांबलचक, दोन्ही बाजूंना आजवरच्या कुलगुरूंच्या तसबिरी. टोकाला सभागृहाचं दार. दाराशेजारी बाक.

बाकावर कुणीतरी बसलं होतं.

बॅटरीचा उजेड तिथवर नीट पोचत नव्हता. खाली घातलेली मान तेवढी दिसली. साडूच्या मनात पहिलं काय आलं असेल? भीती नाही. लाज. त्याला वाटलं, मॅडम. आज शिपाई सांगायला विसरला आणि ती सकाळपासून बसून आहे. त्याने बॅटरी विझवली. चपला न वाजवता मागे फिरला, खाली उतरला, इमारतीला वळसा घातला आणि मागच्या लोखंडी जिन्याने वर आला. मागच्या दाराची किल्ली होतीच जुडग्यात.

आत बॅटरी पुन्हा लावली. सगळं जसंच्या तसं. खुर्च्या वेड्यावाकड्या सरकवलेल्या, टेबलावर उष्टे कप. रेकॉर्डर कुलगुरूंच्या जागेपाशी होतं. त्याने ते उचलून खिशात घातलं.

पुढच्या दारापलीकडे कुणीतरी खोकलं.

बाईचा खोकला नव्हता तो.

साडू तसाच उभा राहिला. मग दाराबाहेरून आवाज आला. हळू. अदबीचा.

"निर्णय झाला का?"

साडू मला म्हणाला, मी विचार केलाच नाही. एवढ्या वर्षांची जीभ, ती आपणहून वळली.

"पुढल्या वेळी घेऊ."

बाहेर बाक कुरकुरला. कुणीतरी उठलं... आणि पुन्हा खाली बसलं.

साडू मागच्या दाराने बाहेर पडला. कुलूपही लावलं नाही. लोखंडी जिना उतरू लागला. रोजचा जिना. खाली बाग आणि बागेत स्कूटर. कठड्याला हात लावून तो उतरत राहिला, पाय जमिनीला लागले, आणि पायाखाली माती नव्हती.

फरशी होती.

समोर लांब ओसरी. दोन्ही बाजूंना तसबिरी. टोकाला दार.

बाक.

तो धावला, दगडी जिन्याकडे. उतरला. वळला. पुन्हा उतरला.

ओसरी.

या वेळी बाक जवळ होता. तसबिरींतल्या कुणाचंच तोंड आपल्याकडे नव्हतं, म्हणाला. सगळे दुसरीकडे बघत होते. ते तसे रोजच असतात की काय, कोण जाणे. कधी लक्षच दिलं नव्हतं.

बॅटरी केव्हाच विझली होती. फोन काढला. फोनचा उजेड पडला... आपल्याच हातावर पडला. त्याच्या पुढे नाही.

मग तो थांबला. पळून उपयोग नाही हे त्याला कळलं. चालत बाकापाशी गेला.

बाकावर एक गृहस्थ. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब कोट. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर. मान खालीच. चेहरा...

चेहऱ्याबद्दल साडू काही बोलला नाही. मी दोनदा विचारलं. नाही बोलला.

"सगळे गेले का?" गृहस्थांनी विचारलं.

"गेले."

"कुठून?"

ताई, या एका शब्दाला त्याला काहीतरी दुसरंच सांगायचं होतं. पण तिथे खरं सोडून काही बोलताच येत नव्हतं, म्हणाला. खोटं ओठापर्यंत यायचं आणि तिथेच वाळून जायचं.

"मागच्या दाराने."



मग ते गृहस्थ बाकावर थोडे सरकले. त्याच्यासाठी जागा केली.

तो बसला.

इकडे बारा वाजता मेहुणीचा मला फोन. हे आले नाहीत, फोन लागत नाही. आम्ही दवाखाने पाहिले, पोलीस चौकीत जाऊन आलो. विद्यापीठाच्या फाटकावर दोनदा गेलो. पहारेकरी म्हणाला, साहेब केव्हाच दुसऱ्या फाटकाने गेले असतील, वर अंधार आहे, मी हाका मारल्या. स्कूटर बागेच्या बाजूला होती, ती कुणाला दिसली नाही. पहाटे उजाडताना दिसली. मग मी आणि पहारेकरी वर गेलो.

साडू बाकाच्या एका कडेला बसलेला. ताठ. डोळे उघडे. बाकी सगळा बाक मोकळा, आणि हा आपला कडेला, अंग चोरून. मी हाक मारली. बघेना. दमलो होतो मी रात्रभर, म्हटलं शेजारी बसून समजूत काढावी. बसायला वाकलो तर त्याने माझं मनगट धरलं. काय ती पकड.

"तिथे नको," म्हणाला.

बस, एवढंच. घरी आणला. दोन दिवस तापाने फणफणला. तिसऱ्या दिवशी त्याने मला हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगतोय तसंच. आणि म्हणाला, मला आपल्या जुन्या साहेबांकडे घेऊन चल.

हे जुने साहेब म्हणजे मागे कधीतरी कुलसचिव होऊन निवृत्त झालेले. नव्वदीला आलेले, पण कान शाबूत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आश्चर्य वगैरे काही नाही. म्हणाले, गणिताचे होते ते. विद्यापीठाने पहिल्यांदा स्वतःचे प्राध्यापक नेमले त्यांतले. प्रश्नपत्रिका परीक्षेआधी बाहेर जातात, आणि त्या परिषदेतलाच एक जण नेतो, असं त्यांनी भर वर्गात बोलून दाखवलं. लगेच बडतर्फीचा ठराव. ते बाहेर बसले. आत दिवसभर वाद झाला, ठरेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, उद्या बघू. पण समोरून जायचं तर त्यांच्या तोंडाला तोंड द्यायला हवं. तेव्हा मागे दार होतं ते नोकरांचं, सरपण आणायचं. सगळी मोठी माणसं त्या दाराने गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्याला ते बाकावर सापडले, बसलेलेच, अंग गार. नियमाचा माणूस. सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

ठराव मग कुणी मांडला नाही, मागेही घेतला नाही. राहून गेला.

साडूने विचारलं, तुम्हाला कधी दिसले का? जुने साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, मी नेहमी पुढच्या दाराने जायचो. कितीही कठीण गेलं तरी.

डिसेंबरात बैठक झाली. साडूने मॅडमचा विषय सगळ्यात आधी लावला. कुलगुरूंनी सवयीने त्याच्याकडे पाहिलं. हा उभा राहिला आणि म्हणाला, मार्क बदलले गेले आहेत, मला माहीत आहे आणि कुणाकडून कळलं तेही सांगतो. बढती दोन महिन्यांवर आली होती त्याची. ती गेली, ते सोड, पण पुढे वर्षभर त्याला असं वागवलं की विचारू नकोस. मॅडमचं निलंबन मात्र त्याच दिवशी उठलं. साडू स्वतः पुढचं दार उघडून बाहेर गेला आणि तिला सांगितलं. ती म्हणे पदर तोंडाला लावून बसून राहिली. हा शेजारी उभा. ती उठेपर्यंत हललाच नाही.

गणिताच्या मास्तरांचा विषयही त्याने पुढच्याच बैठकीत काढला. एवढा जुना ठराव, हसले काही जण. पण रद्द झाला. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर हा एकटा बाकापाशी गेला आणि रिकाम्या बाकाला मोठ्याने सांगून आला. कुणी उत्तर दिलं का, मी विचारलं. नाही म्हणाला.

मग मलाही वाटलं, संपलं. मनातून मी असंही म्हणायचो, रात्रीची वेळ, अपराधी मन, रक्तदाब. माणसाला काहीही दिसतं.

या वर्षी एप्रिलात त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. आता ठणठणीत आहे, काळजी नको. आदल्या रात्री दवाखान्यात मी सोबतीला होतो. नर्सने दवाखान्याचे कपडे दिले, म्हणाली, जरा बदलून घ्या. त्याला हात वर होत नव्हता, म्हणून मी त्याचा सदरा काढला.

डाव्या खांद्यावर पांढरे डाग होते. चार, शेजारी शेजारी. पाठीमागे पाचवा, आखूड.

कोड असेल असं वाटलं मला. हे कधीपासून, म्हटलं. तो खिडकीकडे बघत होता. म्हणाला, धुतलं की जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं.

त्या गृहस्थांनी हात ठेवला, असं तो मला कधी बोलला नव्हता. मीही त्या रात्री विचारलं नाही.

पण दवाखान्याचा सदरा अंगात घालताना माझं बोट त्या डागांना लागलं... आणि उजेडात धरून पाहिलं तर बोटाला खडूची पूड होती. कोरडी. आत्ताच फळ्यावर लिहून आल्यासारखी.